रायपूरचं बंदर

रायपूरला समुद्र नाही. सगळ्यात जवळचं मोठं बंदर विशाखापट्टणम, आणि रेल्वेने ते पाचशे किलोमीटरहून लांब. तरी या शहराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला, की बऱ्याच मोठ्या कामांचं तोंड शेवटी समुद्राकडे वळलेलं दिसतं.

फौजेत नकाशा वाचताना एक सवय लागते. कुठलाही तळ दिसला की त्याची रसद कुठून येते ते आधी शोधायचं. बंदराकडे तसं फारसं कोणी बघत नाही. बंदराभोवतीचा निसर्ग राखायचा, जुन्या उद्योगाच्या खुणा जपायच्या, असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर किनारा, गोदी आणि दीपगृह येतं. मुंबईकर असेल तर शिवडीचे फ्लेमिंगो. रायपुरात राहून मला वाटायला लागलंय की ‘भोवती’ या शब्दाचं वर्तुळ आपण फार लहान काढतो.

रेल्वे येण्याआधी छत्तीसगडचा समुद्राशी संबंध होता तो बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर. पूर्व किनाऱ्याचं मीठ इकडे यायचं, इथलं धान्य तिकडे जायचं. मग बंगाल-नागपूर रेल्वे आली, आणि १९०० साली रायपूरहून धमतरीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी लाईन झाली. वाटेतल्या अभनपूरहून राजिमला एक फाटा होता. ही काही हौसेची खेळण्यातली गाडी नव्हती. धमतरीच्या पलीकडे नगरी-सिहावाचं जंगल आहे, महानदीचा उगम तिथलाच. ते लाकूड, तांदूळ आणि लाख मोठ्या लाईनपर्यंत आणून सोडायची, हे तिचं काम. (महानदी स्वतः ओडिशातून वाहत समुद्राला मिळते. माल मात्र तिच्या वाटेने फार काळ गेला नाही.)

लाकूड कशाला लागत होतं हे समजलं की पुढचं समजतं. रुळाखाली स्लीपर लागतात, आणि सालाचं लाकूड त्यासाठी उत्तम. म्हणजे रेल्वे जंगलातून माल नेत होती आणि स्वतःही जंगलावरच उभी राहत होती. सरकारने राखीव केलेल्या त्या जंगलात, तिथेच पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना सरपण घ्यायचीही चोरी झाली. जंगलखात्याच्या कामाची मजुरी नावापुरती. १९२२ च्या जानेवारीत नगरी-सिहावाच्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला. पुढाऱ्यांमध्ये सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले होते. १९३० मध्ये धमतरीजवळ रुद्री-नवागावला पुन्हा जंगल सत्याग्रह झाला. आपल्याकडे त्याच साली बिळाशीला आणि चिरनेरला जे झालं, त्याच माळेतला हा मणी. मराठी पुस्तकांत त्याचा उल्लेख सहसा सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याच सुमारास पलीकडच्या टोकाला बंदर घडत होतं. मध्य प्रांताला, म्हणजे आपल्या नागपूर-भंडाऱ्यालाही, स्वतःचा जवळचा समुद्र हवा होता. मँगनीज कलकत्त्याला किंवा मुंबईला न्यायचं म्हणजे भाड्यातच नफा संपायचा. विझियानगरमहून पार्वतीपुरमपर्यंत लाईन आधीच झाली होती. पार्वतीपुरम ते रायपूर हा मधला घाटा-जंगलाचा तुकडा १९३१ मध्ये जोडला गेला, आणि १९३३ च्या डिसेंबरात व्हाइसरॉय विलिंग्डनने विशाखापट्टणम बंदराचं उद्घाटन केलं. आधी गाडी, मग जहाज. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

बंदराची जागा म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी दलदल. दक्षिणेला डॉल्फिन्स नोजचा डोंगर आडवा, त्याच्या आडोशाने गाळ उपसून खोल पाणी केलं. लाटा अडवायला दोन जुनी जहाजं दगड भरून मुद्दाम बुडवली. दलदलीला तेव्हा कोणी निसर्ग म्हणत नव्हतं, ती नुसती रिकामी जागा होती. पण समुद्राने हिशेब ठेवला. या किनाऱ्यावर वाळू एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. बंदराने ती वाट अडवली आणि उत्तरेचा शहराचा किनारा वाळूवाचून खंगायला लागला. तेव्हापासून बंदरापाशी साठलेली वाळू ड्रेजरने उचलायची आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर नेऊन टाकायची, असा प्रकार चालू आहे. डोंगर तसाच ठेवायचा, नदीचं पात्र मोकळं ठेवायचं, यापेक्षा हे रक्षण वेगळं. एकदा मोडलेली गोष्ट रोज हाताने चालवायची.

जपणुकीचं म्हणाल तर विशाखापट्टणम आपल्या वर्दीला फार मान देतं. ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बंदरावर बॉम्ब टाकले. त्यातला एक न फुटलेला तिथल्या संग्रहालयात आहे. निवृत्त झालेली कुरसुरा पाणबुडी २००२ पासून किनाऱ्यावर आहे, आत शिरून बघता येते. १९७१ च्या विजयाचं स्मारक आहे. हे सगळं बघताना छाती फुगते, खोटं कशाला बोलू. पण मग बंदर ज्यांनी बांधलं त्यांचं काय? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने १९४१ मध्ये इथे जहाजबांधणीचा कारखाना उभारायला घेतला, आणि १९४८ मध्ये ‘जल उषा’ हे स्वतंत्र भारतात बांधलेलं पहिलं मोठं जहाज पाण्यात उतरलं. कुरसुरासमोर रांग लावणाऱ्या कितीजणांना ‘जल उषा’ माहीत असेल? तोफ लवकर वारसा होते. क्रेनला आणि वॅगनला वेळ लागतो, तोवर ती भंगारात गेलेली असते.

छोट्या लाईनचं तेच झालं. २०१७ मध्ये रायपूर शहरातून जाणारा तिचा भाग बंद झाला. तेलीबांधावरून गाडी जायची त्या पट्ट्यावर आता एक्सप्रेसवे आहे. गर्दी बघता रस्ता हवाच होता, त्याला माझा विरोध नाही. मोठी लाईनही आली. मार्च २०२५ पासून अभनपूरला मेमू येते. पण शंभरहून अधिक वर्षं चाललेल्या लाईनची आठवण त्या रस्त्यावरून जाताना कुठे भेटत नाही. नॅरो गेजचं चांगलं संग्रहालय बघायचं तर नागपूरला मोतीबागेत जावं लागतं.

दरम्यान बंदराची भूक वाढत गेली. साठच्या दशकात बैलाडिलाचं लोखंड जपानला पाठवण्यासाठी अनंतगिरीचे डोंगर फोडून किरंदुलपर्यंत लाईन नेली. अराकूला फिरायला जाणारे बोगदे मोजत बसतात, पण ती लाईन पर्यटकांसाठी नव्हतीच. खाणीच्या धुतलेल्या मातीने दंतेवाड्याची शंखिनी नदी लाल झाली. बंदराचं प्रदूषण म्हणताना शंखिनीचं नाव कोणी घेत नाही, कारण ती बंदरापासून लांब आहे.

आता नवा रस्ता होतोय. रायपूर-विशाखापट्टणम सहापदरी मार्ग, साधारण ४६४ किलोमीटर. त्याची सुरुवात अभनपूर तालुक्यातल्या झांकीजवळ, म्हणजे छोटी लाईन जिथे फुटायची त्याच परिसरात. पुढे कुरुदकडून, केशकालच्या डोंगराखालून जवळजवळ २.८ किलोमीटरचा बोगदा. वाटेत उदंती-सीतानदीच्या जंगलाचा भाग लागतो. सीतानदी म्हणजे सिहावाकडचंच जंगल, १९२२ चं. उदंती हे रानम्हशींसाठी राखलेलं अभयारण्य; रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी, आणि इथे त्या मोजक्याच उरल्यात. या मार्गावर प्राण्यांसाठी २७ वाटा आणि माकडांना झाडावरून झाडावर जाता यावं म्हणून १७ छत्र्या असतील, असं २०२३ मध्ये पायाभरणीच्या वेळी सरकारने सांगितलं.

१९३१ च्या लाईनला असलं काही सुचलं नव्हतं, तेव्हा हे पुढचं पाऊल नक्कीच आहे. पण त्या वाटा खरंच प्राण्यांच्या जुन्या पायवाटांवर पडतात की इंजिनिअरला सोयीच्या जागी, हे गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही. रस्ता झाल्यावर त्या वाटांच्या तोंडाशी ढाबे उभे राहू न देणं हे आणखी वेगळं काम, आणि ते कंत्राटात नसतं.

माझी मागणी छोटी आहे. रस्ता सुरू होतो तिथे अभनपूरला अडीच फुटी रुळांचा एक तुकडा आणि लाकडाची एक वॅगन ठेवा. शेजारी एक पाटी, तीवर तीन नावं: नगरी-सिहावा, छोटी लाईन, विशाखापट्टणम. मराठीत नको, छत्तीसगढीत लिहा.