अंगणात आलेली शाळा

साजगावच्या बोंबल्या विठोबाची जत्रा उठली, सुक्या मासळीची बेगमी झाली, की आपल्या आजूबाजूच्या वाड्यांवर घरांना कड्या लागतात. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. अंगणवाडीच्या पटावर मुलांची नावं तेवढी मागे राहतात. अशा वेळी आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात.

ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. तेव्हा बालवाडी म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांची गोष्ट. माँटेसरीबाईंची साधनं महाग, ती खेड्याला कशी परवडणार? १९४५ साली ताराबाईंनी डहाणू भागातल्या बोर्डी गावात काम सुरू केलं. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. पुढे त्या शिकल्या, म्हणून उभ्या राहिल्या.

बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. मग या दोघींनी मुलांना बोल लावला नाही, शाळाच वस्तीत नेली. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, मग गाणी आणि खेळ. साधनं कोणती? बिया, शिंपले, पानं, खडे. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तिचं नाव विकासवाडी. धाकटं भावंड पाळण्यात निजलं, की थोरली बहीण पाटी घ्यायला मोकळी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली.

ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली. आज अंगणवाडी हा शब्द देशभर चालतो.

पण शाळा अंगणात आली आणि अंगणच भट्टीवर गेलं तर? बायांनो, पुढच्या गटाच्या बैठकीत आपण एवढं करू. कोणतं घर कुठल्या भट्टीवर जाणार, ते लिहून सेविकाताईंना देऊ, म्हणजे तिथल्या अंगणवाडीला आधीच कळवता येईल. मोठ्या मुलांचं म्हणाल, तर दाखल्याला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. हे निघणाऱ्या प्रत्येक आईच्या कानावर घालू.

मूल जिथे, शाळा तिथे. त्या दोघींनी पायी फिरून हे केलं. आपल्याला तर फक्त एक यादी करायची आहे.