लाळ की रक्त?

पोलीस गाडी अडवतात आणि चालकाला नळीत फुंकायला सांगतात, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. पण चालकाने दारूऐवजी गांजा ओढला असेल तर? अशा वेळी काही देशांत लाळ तपासतात, काही ठिकाणी रक्त. यांपैकी कोणत्या चाचणीवर विसंबावे? उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ.

स्वीडनमधील एरिक विडमार्क यांनी १९२२ साली बोटातून काढलेल्या थोड्याशा रक्तात मद्यार्क मोजण्याची पद्धत दिली. १९३६ साली नॉर्वेने कायदा केला : रक्तात ०.०५ टक्क्यांहून अधिक मद्यार्क आढळला की चालक दोषी. तो झोकांड्या खात होता का, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पुढे १९५४ साली अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी श्वास तपासणारे सुटसुटीत यंत्र बनवले.

हे सारे जमले ते मद्यार्काच्या स्वभावामुळे. त्याचा रेणू लहान आणि पाण्यात सहज मिसळणारा. शरीरात जिथे पाणी तिथे तो पसरतो. त्यामुळे श्वासावरून रक्ताचा आणि रक्तावरून मेंदूचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

इतर मादक द्रव्ये मात्र इतकी सरळ वागत नाहीत. लाळ रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असते. अ‍ॅम्फेटामाइन हे अल्कधर्मी द्रव्य तिच्यात अडकून राहते आणि रक्तापेक्षाही जास्त प्रमाणात सापडते. उलट डायझेपामसारखी झोपेची औषधे रक्तातील प्रथिनांना चिकटून बसतात, म्हणून लाळेत फार थोडी उतरतात. गांजाची तर गंमतच आहे. त्यातील टीएचसी हे द्रव्य लाळेत सापडते, पण ते मुख्यतः धुरातून तोंडात बसलेले असते. रक्तातून आलेले नसते! म्हणजे लाळ सांगते ते एवढेच, की या माणसाने बहुधा नुकताच गांजा ओढला आहे.

मग रक्त तरी खरे बोलते का? टीएचसी मेदात विरघळते. गांजा ओढल्यावर काही मिनिटांतच रक्तातील त्याचे प्रमाण शिगेला पोचते आणि मग झपाट्याने उतरते. नशा मात्र काही तास टिकते. चालकाला दवाखान्यात नेऊन सुई टोचेपर्यंत आकडा घसरलेला असतो. याउलट रोज ओढणाऱ्याच्या शरीरातील मेदातून टीएचसी हळूहळू झिरपत राहते आणि नशा उतरल्यानंतर कित्येक दिवसांनीही रक्तात सापडते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ मध्ये रस्त्यावर कोणत्याही चालकाची लाळ तपासण्यास सुरुवात केली. असे करणारे ते जगातील पहिले राज्य. सुरुवातीलाच, पत्रकारांच्या डोळ्यांदेखत, एका चालकाच्या लाळेत अंमली द्रव्य असल्याचे यंत्राने दाखवले. पुढे प्रयोगशाळेत त्याच लाळेत ते आढळले नाही. पण तोवर बिचाऱ्याची छबी सगळीकडे झळकली होती. त्याच सुमारास युरोपात 'रोझिटा' या प्रकल्पाने रस्त्यावरची अशी यंत्रे तपासली आणि एकही पुरेसे भरवशाचे नसल्याचा निष्कर्ष काढला.

ब्रिटनने २०१५ साली मधला मार्ग काढला : रस्त्यावर लाळ तपासून संशय घ्यायचा आणि न्यायालयापुढे पुरावा म्हणून रक्ताचा अहवाल ठेवायचा. यंत्रे सुधारली, तरी मर्यादा कोठे आखावी हा प्रश्न उरलाच. जर्मनीने रक्तद्रवातील टीएचसीची मर्यादा २०२४ साली मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमवरून ३.५ वर नेली. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मद्यार्कासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. अंमली द्रव्यांसाठी मात्र आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल चढलेला असणे, ही कसोटी आहे.

म्हणजे प्रश्न तीन आहेत : द्रव्य घेतले होते का, ते रक्तात किती आहे, आणि आत्ता गाडी चालवण्याची क्षमता कमी झाली आहे का? लाळ पहिल्याचे उत्तर देते, रक्त दुसऱ्याचे. रस्त्याने चालणाऱ्या पोराबाळांचा जीव अवलंबून असतो तो तिसऱ्यावर, आणि निरपराध चालकाची अब्रूही. गांजाच्या बाबतीत त्याचे उत्तर देणारा एकच आकडा आजही हाती आलेला नाही. वर्गात मोजमापाचा धडा शिकवताना आपण एकके, अचूकता, त्रुटी हे सारे सांगतो. आपण मोजतो ते नेमके कशाचे माप आहे, हेही मुलांना विचारायला हवे.