पुस्तकात बघून प्रार्थना

आठवीत असताना मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, "तुम्ही पुस्तकात बघून देवाशी कसं गं बोलता?" आदल्या संध्याकाळी ती भूमितीची वही न्यायला आमच्या घरी आली होती, तेव्हा आमची घरची प्रार्थना चालली होती. आजी बायबलमधलं एक स्तोत्र वाचायची, मध्येच थांबायची, वाचलेल्या ओळीतलाच एखादा शब्द धरून देवाशी बोलायची आणि पुन्हा वाचायला लागायची. मला उत्तर सुचलं नाही. "आमच्यात असंच असतं," म्हणून मी डबा उघडला. असलं उत्तर आपल्या इतिहासाच्या बाईंना मुळीच चाललं नसतं. दहावीला तीस वर्षं होत आली. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर आता नीट द्यावं म्हणते.

ही रीत आजीची नव्हती, चर्चचीही मुळातली नव्हती. ती ज्यू लोकांकडून आली. बायबलच्या जुन्या करारात १५० स्तोत्रं आहेत. त्यांना स्तोत्रसंहिता म्हणतात. त्यांत आनंद आहे, उपकारस्तुती आहे, पण रडणं, भांडणं आणि देवाला जाब विचारणंही आहे. येशूने वधस्तंभावर जो आक्रोश केला, तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. मरणाच्या घटकेला त्यानेही पाठ असलेलं शास्त्रवचनच उच्चारलं.

पुढे सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले. आठवड्याभरात सगळी १५० स्तोत्रं म्हणून व्हावीत, असा क्रम त्यांनी लावून दिला. त्याखेरीज रोज काही तास शास्त्र सावकाश वाचण्यासाठी राखून ठेवले. बाराव्या शतकात गिगो नावाच्या फ्रान्समधल्या एका मठवासी साधूने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापाशी नुसतं शांत राहणं. त्याने जेवणाची उपमा दिली. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत त्याची चव कळते आणि शेवटी उरते ती गोडी. माझ्या आजीने गिगोचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही, पण ती करायची ते हेच.

पण घास चावायचा तर तो आपल्या तोंडाला ओळखीचा हवा. आपल्याकडचा इतिहास सुरू होतो तो इथे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला काही नव्हतं. ही उणीव ओळखून त्याने बायबलमधली कथा मराठी ओवीत रचली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. ज्या छंदात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तोच छंद.

१८११ मध्ये विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला. पुढे संपूर्ण बायबलही मराठीत आलं. तरी पंडिता रमाबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याभोवती होत्या त्या दुष्काळातून आलेल्या, विधवा झालेल्या, अक्षरओळख नसलेल्या बायका. त्यांना कळेल असं साध्या मराठीतलं बायबल हवं, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून त्यांनी भाषांतर केलं. केडगावच्याच छापखान्यात तिथल्या मुली खिळे जुळवायच्या. काम पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

आपल्या नगरशी तर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नातं. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियनाने दिलेल्या नव्या कराराने ते बदलले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी शास्त्रातल्या प्रार्थनेला अभंगाची आणि भजनाची चाल दिली. रविवारी आम्ही टाळ घेऊन गायचो ती त्यांची गीतं. तुमच्यापैकी काहींना ते ऐकून नवल वाटायचं, आठवतं ना?

आजी शाळेत गेली नव्हती. लग्नानंतर मंडळीतल्या एका बाईंकडून ती अक्षरं शिकली, ती बायबल वाचता यावं एवढ्याचसाठी. अक्षर लावत लावत वाचायची, त्यामुळे सावकाश वाचणं तिला वेगळं शिकावंच लागलं नाही. मला मात्र शिकावं लागलं. मी दिवसभर स्क्रीनवर वाचते, तेही चूक कुठे आहे ते शोधायला. शोधली की पुढे. त्या वेगाने स्तोत्र वाचलं तर दोन मिनिटांत संपतं आणि हाती काही लागत नाही.

चार वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. आपल्या शाळेच्या खो-खोच्या संघातला, तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर कित्येक महिने मला प्रार्थना करता येईना. धीर देणारी स्तोत्रं वाचवत नव्हती आणि स्वतःचे शब्द उरले नव्हते. एका रात्री आजीचं जुनं बायबल काढलं. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राच्या कडेला पेन्सिलीची जाड रेघ होती. हे स्तोत्र मी कधी लक्ष देऊन वाचलंच नव्हतं. त्यात शेवटपर्यंत सांत्वन नाही. ते अंधारातच संपतं. मग आठवलं, आजीचा एक मुलगा पाचव्या वर्षी तापाने गेला होता. त्याच्याबद्दल ती आमच्याशी कधी बोलली नाही. देवाशी बोलली होती, ते या पानावर.

त्या रात्री मी ते स्तोत्र मोठ्याने, अक्षर लावल्यासारखं वाचलं. बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण त्या महिन्यांतली ती माझी पहिली प्रार्थना होती.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. आपलं आपण बोलता येतंच, आम्हीही बोलतो. पण बोलता येत नाही असे दिवस येतात आणि त्या दिवसांसाठी कोणीतरी आधी बोलून ठेवलेलं असतं. तुझ्या घरी श्रावणात पारायण चालायचं, तेव्हा तुझी आजीसुद्धा एका ओवीवर थांबून डोळे पुसायची. मी पाहिलंय. संमेलनाला येशील तेव्हा तिला काय आठवायचं ते सांग.