लदणीचा संसार : यवतमाळचे बंजारा आणि समुद्राकडची वाट

यवतमाळ जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही वऱ्हाडाच्या हंडीत पडणारे बरेचसे मीठ कोकणच्या आगरांतले असे आणि रेल्वे येईपर्यंत ते बैलांच्या पाठीवरून येई. ही वाहतूक करणाऱ्या बंजारा किंवा लमाण समाजाचे तांडे आज पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव आणि उमरखेड तालुक्यांत स्थिरावलेले दिसतात. त्यांच्या व्यापाराला लदणी म्हणत. एरवी व्यापारी घर मागे ठेवून निघतो. लदणीवाला मात्र घरच बरोबर घेऊन निघे, आणि या व्यापाराचे सारे अर्थकारण त्यावरच उभे होते.

इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते. बायका-मुले आणि सगळे सामानसुमान तांड्याबरोबरच चालले होते, आणि दिवसाची मजल सहा-सात मैलांची होती. बैलांचे ओझे उतरवायचे, त्यांना माळावर चरायला सोडायचे आणि पुन्हा निघायचे, असा हा क्रम होता. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. वाटेत असा तांडा आला, तर तो पुढे सरेपर्यंत वाटसरूंना दोन-तीन दिवस खोळंबावे लागे. मंडीने सांगितलेल्या वेगाने यवतमाळहून पनवेलच्या बंदरापर्यंत जायला सुमारे दोन महिने लागले असते, आणि परतीची वाट तेवढीच लांब होती. इतके दिवस घराबाहेर राहणे कोणाही कुटुंबाला परवडणारे नव्हते. म्हणून घर वाटेवरच चालत असे.

तांड्याचा प्रमुख म्हणजे नाईक. कुठल्या वाटेने जायचे आणि मुक्काम कुठे टाकायचा, हे तो ठरवी. बालाजीला वाहिलेला एक बैल सर्वांच्या पुढे चाले. त्याच्या पाठीवर ओझे नसे, त्याला घंटा, कवड्या आणि रेशमी गोंडे यांनी सजवलेले असे. तो थकून बसला की तिथे त्या दिवसाचा मुक्काम पडे. या बैलामागून प्रत्येक कुटुंब आपापले बैल हाकत येई. बैल पुरुषाने हाकले, तरी गोणी भरणे-उतरवणे, पाणी, सरपण, स्वयंपाक आणि मुले ही कामे बाईच्या वाट्याला येत. घर मागे नसल्याने मजुरीचा माणूस लावायचा प्रश्न नव्हता, आणि बैल गायरानात चरत असल्याने वैरणीचा खर्चही जवळजवळ शून्य होता. स्वस्त वाहतुकीचे इंगित या दोन गोष्टींत आहे. त्यातली पहिली गोष्ट बायकांच्या कष्टांवर चालली होती, हे व्यापाराच्या इतिहासात फारसे नोंदले जात नाही.

पावसाळ्यात वाटा चिखलाने बंद होत, तेव्हा तांडा एका जागी थांबे आणि लग्ने तेव्हाच उरकली जात. सासरी निघालेली नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून माहेराचा निरोप गाते. ज्या जनावराबरोबर तिला पुढचे आयुष्य चालायचे होते, त्याच्याच पाठीवरचा हा निरोप होता. तिच्या पोशाखावरच्या कवड्याही समुद्रातूनच आलेल्या असत.

दख्खनमधल्या आगमनाची तांड्यांची आठवण मोगल फौजेशी जोडलेली आहे. वऱ्हाड पोलिसांतील अधिकारी कंबरलेज यांचा बंजारा समाजावरचा वृत्तान्त १८८२ साली छापला गेला. त्यात नोंदवलेल्या परंपरेनुसार १६३० च्या सुमारास मोगल सरदार आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी हे राठोड नाईक १,८०,००० बैल घेऊन आले आणि भगवानदास वडत्या ५२,००० बैल घेऊन आला. रसद चालू राहावी म्हणून आसफखानाने त्यांना ताम्रपट दिला, अशी ही कथा आहे. कुणाच्याही रांजणातले पाणी आणि कुणाच्याही छपराचे गवत घ्यायची मुभा त्यात होती, रोजच्या तीन खुनांची माफीसुद्धा होती. १८०३ साली वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या, त्या मोहिमेतही इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची धान्याची भिस्त बंजाऱ्यांवर होती.

फौजांचे दिवस सरल्यावर कापसाने थोडा काळ आधार दिला. वऱ्हाडचा कापूस तोवर बैलांवरून उत्तरेला मिर्झापूरकडे जाई. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी मेहरजी या पारशी पेढीवाल्या बंधूंनी तो मुंबईकडे वळवला. पहिल्या खेपेला ५०० बैलांवरून १,२०,००० पौंड, म्हणजे बैलामागे सुमारे ११० किलो माल गेला. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला आणि घाटवाटांवरचे गोणीचे महत्त्व कमी होऊ लागले. १८६७ पर्यंत लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. १९०३ मध्ये मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत नॅरो गेज गाडी सुरू झाली, तीच पुढे शकुंतला म्हणून ओळखली गेली. दोन महिन्यांची वाट आता एक-दोन दिवसांवर आली होती. त्याच अर्धशतकात जंगले राखीव झाली आणि माळ कपाशीखाली गेले. फुकटची चराई संपली, तेव्हा बैलांचे मोठे कळप पाळणेच अशक्य झाले.

व्यापार गेल्यावर फिरतेपणाच गुन्हा ठरू लागला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समूहांवर जन्मजात संशय लादला. कंबरलेज यांचा वृत्तान्तही पोलिसाच्या नजरेतूनच लिहिलेला आहे, त्यामुळे त्यातले चालीरीतींचे मोलाचे तपशील वेगळे काढून वाचावे लागतात. हा कायदा रद्द झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत गणला जातो.

तोवर बरेच तांडे जमिनी कसू लागले होते. पुसद तालुक्यातले गहुली गाव चतुरसिंग नाईक यांनी वसवले. त्यांचे नातू वसंतराव नाईक यांचा जन्म तिथेच १ जुलै १९१३ रोजी झाला आणि १९६३ ते १९७५ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ज्यांना पुरेशी जमीन मिळाली नाही, अशा अनेक कुटुंबांची पायपीट मात्र थांबली नाही. मराठवाडा आणि त्याला लागून असलेल्या भागांतली बंजारा कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या आवारात पाल ठोकून राहतात. मुकादम तिथे उचल एकट्या माणसाला न देता नवरा-बायकोच्या जोडीला देतो आणि त्या जोडीची नोंद एक कोयता म्हणून होते.