खोडलेली दोन नावे

पक्ष्याची नवी जात सापडली की आपल्याला आनंद होतो. पण ती 'नवी जात' जुन्याच जातीच्या ऱ्हासाची खूण निघाली तर? व्हिएतनाममधील एका फेझंटच्या बाबतीत असेच घडले.

फेझंट म्हणजे आपल्या मोराचे, रानकोंबड्याचे भाऊबंद. मध्य व्हिएतनामच्या दमट, सखल जंगलातील एका फेझंटचे नमुने एका फ्रेंच मिशनऱ्याने पॅरिसच्या संग्रहालयाला पाठवले. त्यांवरून उस्ताले यांनी १८९६ साली एका जातीचे वर्णन केले. संग्रहालयाचे संचालक मिल्न-एडवर्ड्‌स यांच्यावरून ती 'एडवर्ड्‌सचा फेझंट' ठरली. नर गडद निळा, डोक्यावर पांढरा तुरा, मादी तपकिरी.

पुढे त्याच भागातून आणखी दोन जाती नोंदल्या गेल्या. दलाकूर आणि जाबुई यांना १९२३ साली एक जिवंत जोडी मिळाली. तिला 'सम्राट फेझंट' म्हटले गेले. १९७५ साली व्हो क्वी यांनी हा तिन्ह प्रांतातील फेझंट वेगळा मानला, कारण त्याच्या शेपटीत काही पांढरी पिसे होती.

मग तपासणी झाली. रुपेरी फेझंट आणि एडवर्ड्‌सचा फेझंट यांचा पिंजऱ्यात संकर केला, तेव्हा पिल्ले 'सम्राटा'सारखी निघाली. डीएनएनेही तेच सांगितले. २००३ साली ही जात संकर ठरली. पांढऱ्या पिसांचे काय? पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या आपसांत प्रजनन झालेल्या एडवर्ड्‌सच्या फेझंटमध्येही ती दिसत होती. २०१२ साली तेही नाव गळाले.

आपण वर्गात मेंडेलचे वाटाणे शिकवतो. जवळच्या नात्यात प्रजनन होत राहिले, की एरवी दबलेली लक्षणे वर येऊ शकतात. म्हणजे ती पांढरी पिसे बहुधा सांगत होती, की जंगलाचे तुकडे झाले आहेत आणि पक्षी फार थोडे उरले आहेत. आपण मात्र तिला नवी जात समजलो.

युद्धात फवारलेली तणनाशके, नंतरची जंगलतोड आणि जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यांसाठी लावलेले तारेचे फास यांनी या पक्ष्याचा घास घेतला. रानात त्याची शेवटची खात्रीशीर नोंद २००० सालची आहे. आज तो पिंजऱ्यांत टिकून आहे; त्यांतले बहुतेक पक्षी १९२० च्या दशकात युरोपात नेलेल्या मोजक्या पक्ष्यांचे वंशज आहेत. त्यांना पुन्हा रानात सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण फास काढल्याशिवाय ते कुठे सोडणार?

विज्ञानात नाव खोडावे लागले तर त्यात कमीपणा नाही. उशीर झाला, तर मात्र तो भरून निघत नाही.