घरगुती मत्स्यालयातील टेट्रा मासे : नाव, पैदास आणि नदी

काचेच्या पेटीत थव्याने पोहणाऱ्या लहान उष्णकटिबंधीय माशांचा इतिहास सामान्यतः एका छंदाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो व्यापाराचा आणि नदीकाठच्या श्रमाचाही इतिहास आहे, हे निऑन टेट्रा व कार्डिनल टेट्रा या दोन निकटच्या जातींच्या भिन्न वाटचालीवरून स्पष्ट होते. दोन्ही मासे दक्षिण अमेरिकेतील आणि जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचे. दोघांच्याही अंगावर चमकदार निळा पट्टा व त्याखाली तांबडा पट्टा असतो. निऑनचा तांबडा पट्टा शरीराच्या मागील भागापुरताच असतो, तर कार्डिनलचा जवळजवळ डोक्यापर्यंत पोचतो.

निऑन टेट्रा हा मासा १९३४ मध्ये ऑगस्त राबो या संग्राहकास पेरूमधील ॲमेझॉनच्या प्रदेशात आढळला. १९३६ मध्ये जॉर्ज मायर्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले व त्यास फिलाडेल्फियातील मत्स्यालयविषयक मासिकाचे प्रकाशक विल्यम इन्स यांचे नाव दिले. शास्त्र आणि छंदाची बाजारपेठ यांचे नाते येथेच दिसते. वीस वर्षांनी कार्डिनलच्या बाबतीत या नात्याने स्पर्धेचे रूप घेतले. लिओनार्ड शुल्ट्झ यांनी प्रकाशक हर्बर्ट ॲक्सेलरॉड यांच्या नावाने केलेले वर्णन २० फेब्रुवारी १९५६ रोजी ॲक्सेलरॉड यांच्याच मासिकात आले, तर मायर्स व वाइट्झमन यांचे वर्णन दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाले. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९५७ मध्ये शुल्ट्झ यांच्या बाजूने निर्णय दिला. एका दिवसाच्या अंतराने मायर्स यांचे नाव मागे पडले.

त्यानंतरची खरी फारकत पैदाशीत झाली. निऑनची अंडी टिकण्यास मृदू, आम्लधर्मी पाणी व मंद प्रकाश लागतो. ही अट साधल्यावर पैदास मोठ्या प्रमाणावर आग्नेय आशियात स्थिरावली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत आयात होणाऱ्या निऑनपैकी नदीतून पकडलेले मासे पाच टक्क्यांहूनही कमी होते. ज्या नद्यांतून मासा आला, त्यांच्या काठावरील माणसाचा या व्यापाराशी संबंध जवळजवळ संपला.

कार्डिनल मात्र दीर्घकाळ ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीतूनच येत राहिला. बार्सेलुस परिसरातील 'पियाबेइरो' म्हणून ओळखले जाणारे मच्छीमार लहान होड्यांतून पुराच्या पाण्याखालील अरण्यात शिरतात, हातजाळ्याने मासे धरतात आणि ते बोटीने मनाऊसला जातात. हे पाणी गडद, अत्यंत मृदू व आम्लधर्मी असते. पूर ओसरताना असंख्य मासे डबक्यांत अडकून मरतात; निसर्गात बहुतेक कार्डिनल एखादे वर्षच जगतात, काचपेटीत तोच मासा अनेक वर्षे टिकतो. म्हणूनच १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट पियाबा' या अभ्यासातून असा विचार पुढे आला की, ही मासेमारी अरण्याला घातक नसून, अरण्य उभे राहण्यावर अवलंबून असणारी उपजीविका तीच पुरवते. लाकूडतोड व गुरांसाठी होणारी जंगलसफाई या तिला असलेल्या पर्यायांशी तुलना केल्यास या मताचे बळ लक्षात येते.

अर्थात, हा निष्कर्ष सर्वत्र लागू पडत नाही. पश्चिम घाटातील 'मिस केरळ' या थव्याने राहणाऱ्या माशाची निर्यात १९९० च्या दशकात वाढली, तेव्हा त्याचे मर्यादित नद्यांतील साठे झपाट्याने घटले. 'सह्याद्रिया' हे त्याचे प्रजातिनाम २०१३ मध्ये आले. त्यापूर्वीच तो संकटग्रस्त ठरला होता. आखूड आयुष्य व विपुल प्रजनन ही कार्डिनलची अनुकूलता त्याच्याकडे नाही. तेव्हा प्रश्न मासा जंगली की पैदाशीचा एवढाच नसून, कोणत्या नदीतला आणि कोणत्या जातीचा, हा आहे.

कार्डिनलचीही पैदास पुढे पिंजऱ्याबाहेर राहिली नाही. युरोप व आशियातील पैदास केंद्रांच्या स्पर्धेत रिओ नेग्रोचा व्यापार एकविसाव्या शतकात घसरला. २०१४ मध्ये ब्राझीलने तेथील शोभिवंत माशांना भौगोलिक निर्देशन दिले. जे नाव पूर्वी प्रकाशकांमध्ये वादाचा विषय होते, त्याऐवजी आता नदीचे नाव विक्रीस आधार म्हणून पुढे आणले गेले.