बारा व्होल्टपर्यंतचा शनिवार

मे महिना, नागपूर, मानेवाड्याकडचं एक घर. घरात एक गेमिंग कॉम्प्युटर आहे, आयता जोडून मिळालेला. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वडिलांचा लग्नाच्या फोटोग्राफीचा धंदा. रात्री मुलगा त्यावर खेळतो आणि दिवसा वडील त्यावर अल्बम लावतात, कारण तेवढ्या ताकदीचं दुसरं यंत्र घरात नाही. खालच्या वेळा मुलाच्या मोबाइलमधल्या फोटोंवरून लावल्या आहेत. प्रत्येक पायरीला फोटो काढायची त्याला सवय आहे. त्यामुळे सोमवारी दोन बंद पडलेल्या ड्राइव्ह माझ्या टेबलावर आल्या, तेव्हा त्याला फारसं काही विचारावं लागलं नाही.

सकाळी १०:१० (९ तास ३८ मिनिटं आधी)

पहिला फोटो जुन्या कॅबिनेटचा. पुढून पूर्ण बंद पत्रा, हवा आत यायला खाली बोटभर फट, मागे एकच छोटा पंखा. डिसेंबरात हे खपून जातं. मे महिन्यात खोलीच तापलेली असते, मग ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोचतं, स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि खेळ अडखळायला लागतो. म्हणून नवं कॅबिनेट आणलं: पुढे जाळी, १२० मिलिमीटरचे तीन पंखे, एका बाजूला काच. सीताबर्डीच्या दुकानदाराने सोबत ७५० वॉटचा नवा एसएमपीएस चांगल्या भावात दिला. जुना ५०० वॉटचा होता आणि ठणठणीत होता. तो बदलायची गरज नव्हती. आज जे झालं त्याचं बी या सवलतीत आहे, पण त्यात दुकानदाराची काही चूक नाही.

११:३० (८ तास १८ मिनिटं आधी)

वडील संध्याकाळच्या लग्नाची बॅग भरतायत. गुरुवारच्या लग्नाचे फोटो त्यांनी कालच कॉम्प्युटरमधल्या एसएसडीवर उतरवले. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं दोन कार्डांत होतं. आता तीच कार्डं कॅमेऱ्यात घालून त्यांनी फॉरमॅट केली. त्यांचा शिरस्ता असा की दर रविवारी रात्री एसएसडीवरचा माल शेजारच्या मोठ्या हार्ड डिस्कवर उतरायचा. म्हणजे गुरुवारच्या फोटोंची दुसरी प्रत उद्या रात्री होणार होती.

आईने विचारलं, "बाबांचं काम आहे ना रे त्यात?"

"आहे नं. पण ड्राइव्हला हातच नाही लावून राहिलो मी. फक्त डबा बदलायचा आहे."

हे तो खरंच मानत होता.

दुपारी १:१५ (६ तास ३३ मिनिटं आधी)

खोलीतला कूलर चालू. यावर लोक ओरडतात की दमट हवेत यंत्र उघडू नये. माझं मत उलट आहे. नागपूरच्या कोरड्या दुपारी अंगावर साचणारी स्थिर वीज हा खरा धोका, आणि कूलरच्या ओलसर हवेत ती कमी साचते. फवारा थेट बोर्डावर येऊ दिला नाही म्हणजे झालं. मुलाने तरीही दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घेतला. शिस्तीचा मुलगा आहे.

ग्राफिक्स कार्ड स्लॉटची खिट्टी दाबून सरळ वर काढलं. प्रोसेसरवरचा हीटसिंक जागीच ठेवला, हेही शहाणपणाचंच. या बोर्डावर प्रोसेसरला पिना आहेत. वाळलेल्या पेस्टला चिकटून तो हीटसिंकबरोबर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. नको तिथे हात न घालण्याची अक्कल त्याला दुपारी होती.

३:०० (४ तास ४८ मिनिटं आधी)

बोर्ड बाहेर आला. आयत्या यंत्रांची खोड इथे कळते. कंपनी वरवर प्रमाण मापं पाळते आणि जिथे दोन पैसे वाचतात तिथे आपलं वेगळं करते. बोर्ड मायक्रो-एटीएक्स होता, २४४ मिलिमीटरचा चौकोन. त्याची भोकं १९९५ साली इंटेलने आणलेल्या एटीएक्स मापाशी जुळत होती, त्यामुळे नव्या कॅबिनेटात तो बसला. पण मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट जुन्या कॅबिनेटमध्येच ठोकलेली होती, ती सोबत येईना. तिथे आयताकृती भगदाड राहिलं. राहू दे.

त्याआधी त्याने एक मोठा अपघात टाळला. नव्या कॅबिनेटात पितळी स्टँडऑफ मोठ्या बोर्डाच्या हिशोबाने लावलेले होते. त्यातला एक या छोट्या बोर्डाच्या पोटाखाली आला असता, भोक नसलेल्या ठिकाणी, आणि मागच्या डागांना टेकून शॉर्ट झाला असता. त्याने बोर्ड वर धरून भोकं मोजली, जास्तीचा स्टँडऑफ काढला आणि त्याचा फोटोही काढला. अनुभवी कारागीरसुद्धा इथे चुकतात.

मग पुढच्या बटणाच्या तारा. जुन्या कॅबिनेटमध्ये त्या एकाच सलग प्लगात होत्या. नव्यात सुट्या: बटण, रीसेट, दिव्याचा अधिक, दिव्याचा उणे. बोर्डावर कोणती पिन कशाची हे छापलेलं नव्हतं. जुन्या प्लगातल्या तारा मल्टिमीटरने एकेक तपासून त्याने कागदावर नकाशा काढला. यात दोन तासांहून जास्त गेले. तो कागद मी पाहिला आहे. इतका स्वच्छ आहे की वर्गात लावावा. आणि गंमत अशी की बटणाच्या दोन तारांना उलट-सुलट नसतंच आणि दिव्याच्या उलट झाल्या तर दिवा लागत नाही, एवढंच. जिथे चुकलं तरी चाललं असतं तिथे दोन तास. जिथे चुकून भागणार नव्हतं तिथे किती, ते पुढे येतंच आहे.

५:२५ (२ तास २३ मिनिटं आधी)

नवा एसएमपीएस बसला. तो पूर्ण मॉड्युलर, म्हणजे केबली त्याच्यापासून सुट्या, हव्या तेवढ्याच खोचायच्या. पिशवीतून २४ पिनांची मुख्य केबल, प्रोसेसरची आठ पिनांची, ग्राफिक्स कार्डाची आणि साटा ड्राइव्हची अशा चार केबली निघाल्या. चारही नव्या. चारही जागच्या जागी. फोटोत स्पष्ट दिसतं.

या क्षणी बटण दाबलं असतं तर यंत्र सुरू झालं असतं आणि ड्राइव्हही दिसल्या असत्या. चाललेल्या यंत्राला माणूस सहसा पुन्हा हात लावत नाही.

५:५२ (१ तास ५६ मिनिटं आधी)

लाइन गेली.

६:४० (१ तास ८ मिनिटं आधी)

कूलर बंद, घामाच्या धारा, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड. नुसतं बसण्यापेक्षा तारा आवरू म्हणून त्याने मागची बाजू घेतली. नव्या कॅबिनेटात एसएसडी बोर्डाच्या पाठीमागे बसते आणि तिच्यावरून मागचा पत्रा बंद होतो. नव्या साटा केबलचे प्लग सरळ होते, तारा बाहेरच्या बाजूला काटकोनात उभ्या राहत होत्या, पत्रा फुगत होता. तीनदा दाबून पाहिला. बंद होईना.

७:०५ (४३ मिनिटं आधी)

जुन्या यंत्रातल्या एसएमपीएसचीही साटा केबल सुटी निघणारी होती, ती बाजूलाच पडली होती. तिचे प्लग वाकडे, तारा ड्राइव्हला चिकटून आडव्या जाणाऱ्या. अगदी या जागेसाठीच केल्यासारख्या. त्याने नवी केबल काढली आणि जुनी लावली: एक प्लग एसएसडीला, त्याच केबलवरचा पुढचा प्लग हार्ड डिस्कला, तिसरं टोक एसएमपीएसला. सहा पिनांचं सॉकेट, सहा पिनांचा प्लग. कट्ट आवाज झाला, खिट्टी बसली. पत्रा एका हाताने बंद झाला.

नवी केबल काढल्याचा आणि जुनी लावल्याचा, या दोन फोटोंमध्ये मिनिटभराचंही अंतर नाही.

इथे थांबून सांगायला हवं. ड्राइव्हकडचं टोक जगभर सारखं असतं: १५ पिना, त्यांत ३.३, ५ आणि १२ व्होल्टची ठरलेली जागा. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. कुठल्या पिनेला काय द्यायचं हे ज्याचं तो ठरवतो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतसुद्धा फरक सापडतात. प्लगाचा साचा मात्र बहुतेकदा तोच, कारण तो बाजारात तयार मिळतो. त्यामुळे दुसऱ्याची केबल बसते, घट्ट बसते, आणि बसली म्हणून माणूस निश्चिंत होतो.

पूर्वी डोळ्यांना तरी इशारा मिळायचा. पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी जमीन. दोन केबली शेजारी धरल्या की पिवळी इथे आणि लाल तिथे हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. मग कॅबिनेटला काच आली. काचेतून रंगीबेरंगी तारा दिसू लागल्या, त्या गबाळ्या वाटू लागल्या आणि सगळ्या तारा काळ्या झाल्या. तारांच्या रंगाची जागा पंख्यांच्या दिव्यांनी घेतली. माझा राग आहे तो या काळ्या रंगावर. बरं, या केबलीवर एखादा ठळक अक्षरातला इशारा छापायला किती खर्च आला असता?

७:४० (८ मिनिटं आधी)

लाइन आली. कूलर घरघरला. कोराडी रोडवरच्या लॉनवर वरात दारात आली होती आणि वडिलांच्या कॅमेऱ्यातलं पहिलं कार्ड भरत होतं.

७:४८

त्याने व्हिडिओ सुरू केला, बटण दाबलं. काचेआड दिवे चमकले, पंखे अर्धा फेरा फिरले, सगळं थांबलं.

जुन्या केबलच्या ज्या तारेतून ५ व्होल्ट यायचे, तिच्यासमोर नव्या सॉकेटात १२ व्होल्ट उभे होते. हार्ड डिस्कच्या पाटीवर अशा वेळेसाठी एक छोटा संरक्षक डायोड असतो. दाब वाढला की तो जास्तीची वीज जमिनीत सोडतो आणि फारच वाढला तर स्वतः जळून कायमचा शॉर्ट होतो. शॉर्ट झाल्याचं कळताच एसएमपीएस बंद पडला. एसएसडी बिचारी ५ व्होल्टवरच जगणारी. तिचा वीज सांभाळणारा चिप गेला. आधी कोण गेलं हे आता सांगता येणार नाही.

व्हिडिओत पुढे तो आणखी दोनदा बटण दाबतो.

८:०५ (१७ मिनिटांनंतर)

वास आला तेव्हा त्याने प्लग काढला आणि मित्राला फोन लावला.

"अबे, पेटली का?"

"पंखे फिरले नं बंद झाले."

मित्राने बरोबर सल्ला दिला: एकेक केबल काढून बघ. साटा केबल काढल्याबरोबर यंत्र पहिल्याच दाबाला सुरू झालं. विंडोज आणि खेळ बोर्डावर खोचलेल्या एम.२ ड्राइव्हवर होते. तिला वीज बोर्डाकडूनच मिळते, त्यामुळे तिला काहीच झालं नाही. तापमान उत्तम, पंखे शांत. फक्त वडिलांच्या दोन ड्राइव्ह यादीत नव्हत्या.

८:२० ते ११:३०

हा घटनाक्रमातला सगळ्यात महाग भाग आणि यात एकही फोटो नाही.

कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं की साधारणपणे फक्त यादी पुसली जाते. फोटो तिथेच असतात आणि त्यांच्यावर नवे फोटो येईपर्यंत परत काढता येतात. सव्वाआठला वडिलांना फोन गेला असता तर त्यांनी दुसरं कार्ड बाहेर काढून खिशात ठेवलं असतं आणि लॉनवरच्या कुणाकडून तरी कार्ड मागून घेतलं असतं. गुरुवारच्या लग्नाचा उत्तरार्ध पूर्ण वाचला असता. मुलाला हे माहीत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की कामावर असलेल्या माणसाला असली बातमी द्यायची नसते. तो ड्राइव्ह पुन्हा पुन्हा लावून बघत राहिला. वडील फोटो काढत राहिले. साडेनऊच्या सुमारास पहिलं कार्ड भरलं आणि दुसरं सुरू झालं.

साडेअकराला ते घरी आले. आईनेच सांगितलं. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी कॅमेऱ्यातून दोन्ही कार्डं काढली आणि कागदात गुंडाळून ठेवली. ते मात्र त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

सोमवार

हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या रेषेवर मल्टिमीटर लावला तर जवळपास शून्य ओहम. डायोड मेलेला, बाकी पाटी शाबूत. डायोड उचलला, वीज दिली, डिस्क फिरली. संरक्षण गेलेली डिस्क पुन्हा कामाला लावायची नसते, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. मागच्या रविवारपर्यंतचा माल पूर्ण निघाला.

एसएसडीतून काही निघालं नाही. बहुतेक नव्या एसएसडींत कंट्रोलर माहिती कुलूपबंद करून, विखरून ठेवतो. मेमरीचे चिप उपटून वाचले तरी हाती कचरा लागतो. गुरुवारचं लग्न तिच्याबरोबर गेलं.

राहिली कार्डं. पहिल्यावर शनिवारची वरात बसली होती, त्याखालची हळद आणि मंगलाष्टकं पुसली गेली. दुसऱ्यावरून पंगत, पाठवणी आणि रिसेप्शनचा बराच भाग मिळाला. जिथे शनिवारचे नवे फोटो चढले होते तिथला सप्तपदीचा तुकडा गेला.

वडिलांनी मंगळवारी व्हिडिओवाल्याला फोन केला. त्याचं चित्रीकरण ४के होतं, म्हणजे एका फ्रेमला साधारण ८३ लाख पिक्सेल. अक्षतांची, अंतरपाटाची, सप्तपदीची पानं त्यातून काढायची ठरली, ८ बाय १० इंचांपेक्षा मोठी करायची नाहीत या अटीवर. मुलीच्या वडिलांकडे ते स्वतः गेले, मुलाला सोबत नेलं नाही. बिलातून अल्बमचे पैसे पूर्ण कमी झाले.